मिठातून क्लोरीन: बारवेपासून दुसऱ्या क्लोरिनेटरपर्यंत



उन्हाळा लागला की पोहण्याच्या तलावांबद्दल प्रश्न सुरू होतात. पूर्वी ते शहरातून यायचे. आता जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीसारख्या गावाच्या आसपासही कृषी पर्यटन केंद्रं, रिसॉर्ट आणि शाळांचे तलाव होऊ लागले आहेत, म्हणून प्रश्नही इथलेच असतात. त्यातला एक असा: "डॉक्टरसाहेब, आमचा तलाव मिठाच्या पाण्याचा आहे, क्लोरीनचा नाही. गर्दी वाढली म्हणून मिठाचं दुसरं यंत्र बसवतोय. ते ऑटोमेशनच्या पॅनलला जोडायचं की वेगळं चालवलं तरी चालेल?"

प्रश्न इलेक्ट्रिशियनचा वाटतो, पण तो आरोग्याचा आहे. उत्तर एका वाक्यातही देता येईल. मात्र ते पटायचं असेल तर पाणी निर्जंतुक करण्याचा इतिहास माहीत हवा. हा इतिहास मोठा गमतीचा आहे आणि त्यात आपल्या जालन्याचाही वाटा आहे.

आधी एक गैरसमज

मिठाच्या पाण्याच्या तलावातही क्लोरीनच असतो. फरक इतकाच, की तो डब्यातून ओतत नाहीत, जागेवर तयार करतात. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. खारट पाण्यातून वीज सोडली की एका पट्टीवर क्लोरीन तयार होतो, दुसऱ्या पट्टीवर हायड्रोजन वायू आणि कॉस्टिक सोडा. क्लोरीन पाण्यात मिसळून हायपोक्लोरस आम्ल बनतं आणि तेच जंतू मारतं. काम झालं की त्याचं पुन्हा क्लोराइड होतं, म्हणून मीठ फारसं संपत नाही.

अशा तलावात लिटरमागे साधारण ३ ते ४ ग्रॅम मीठ असतं. समुद्रात ते सुमारे ३५ ग्रॅम असतं. आम्ही शिरेतून देतो त्या सलाइनमध्ये ९ ग्रॅम. म्हणजे तलावाचं पाणी सलाइनच्याही निम्म्यापेक्षा कमी खारट. त्यामुळे डोळ्यांना ते सौम्य वाटतं, आणि लोकांना वाटतं की यात "केमिकल" नाही.

पोहणं आणि पिणं एकाच विहिरीत

आता थोडं मागे जाऊ. मराठवाड्यात पोहायला शिकायचं म्हणजे पाठीला वाळका भोपळा नाहीतर पत्र्याचा डबा बांधून विहिरीत उडी मारायची. ज्या बारवेत पोरं पोहायची, तिच्याच पायऱ्या उतरून बायका पिण्याचं पाणी भरायच्या. बारव बांधणाऱ्यांची कला थोरच, पण पायऱ्यांच्या विहिरीत माणसाचे पाय पाण्याला लागतात. तिथेच रोगाला वाट मिळते.

नारू आठवतो का? साठी ओलांडलेल्या वाचकांना नक्की आठवेल. पायाला फोड यायचा, त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा कृमी बाहेर पडायचा आणि माणसं तो काडीला गुंडाळत बसायची. रुग्ण बारवेत उतरला की कृमी पाण्यात अळ्या सोडायचा. सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव त्या अळ्या गिळायचा आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू व्हायचा. महाराष्ट्र नारूग्रस्त राज्यांपैकी एक होता. यावर ना लस होती ना खात्रीचं औषध. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून त्या रहाटाच्या केल्या, पाणी गाळून प्यायला शिकवलं, पाण्यात सायक्लॉप्स मारणारं औषध टाकलं आणि रोग हटला. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला. २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला.

दुसरा मोठा शत्रू म्हणजे पटकी, अर्थात कॉलरा. गावाच्या शिवेवर मरीआईचं ठाणं असतं, ते या भीतीतूनच. साथ आली की गाडा शिवेबाहेर नेऊन सोडायचा, म्हणजे रोग पुढच्या गावाला गेला. जंतू डोळ्यांना दिसत नव्हता तेव्हा माणसाने त्याला देवीचं रूप दिलं. १८८३-८४ मध्ये रॉबर्ट कॉख कलकत्त्याला आले. इजिप्तमध्ये त्यांना आढळलेला स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू इथल्या रुग्णांत आणि तळ्याच्या पाण्यातही सापडला. मग विहिरीत काहीतरी टाकायला हवं हे उघड झालं. आग्र्याचे जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन यांनी पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचा सल्ला दिला. जुनी माणसं विहिरीत टाकायचं "लाल औषध" म्हणतात, ते हेच. ते स्वस्त होतं आणि रंग दिसत असल्याने लोकांना पटायचं. पण त्याचा असर टिकत नव्हता. टिकणारं औषध वेगळंच होतं.

कापड धुणारा वायू दवाखान्यात येतो

१७७४ साली स्वीडनमधल्या कार्ल शील या औषधविक्रेत्याने एक हिरवट-पिवळा, घसा जाळणारा वायू तयार केला. १८१० मध्ये हम्फ्री डेव्ही यांनी तो मूलद्रव्य असल्याचं दाखवून त्याला क्लोरीन हे नाव दिलं. दरम्यान या वायूने कापड पांढरं होतं हे बर्थोले यांनी ओळखलं होतं. १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी क्लोरीन चुन्यात मुरवून त्याची भुकटी केली. हीच ब्लीचिंग पावडर. आपल्या ग्रामपंचायतीत जिला "टीसीएल" म्हणतात, ती याच घराण्यातली.

हे गिरणीचं औषध दवाखान्यात आणणारं सर्वांत गाजलेलं नाव म्हणजे इग्नाझ सेमेलवाईस. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात बाळंतिणी तापाने मरत होत्या. शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला हात लावणाऱ्या डॉक्टरांना त्यांनी क्लोरीनच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात १८ बाळंतिणी दगावल्या होत्या. जूनमध्ये हा आकडा २ च्या आसपास आला. तरीही त्यांचं कुणी ऐकलं नाही, कारण जंतू अजून सिद्ध व्हायचे होते.

पिण्याच्या पाण्यात हे औषध टाकायला माणूस आणखी पन्नास वर्षं कचरला. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची साथ आली, सुमारे १,९०० लोक आजारी पडले. तेव्हा ब्लीचिंग पावडरच्या द्रावणाने गावाचे नळ धुतले, पण तेवढ्यापुरतेच. १९०५ मध्ये लिंकन शहरात अलेक्झांडर ह्यूस्टन यांनी साथीच्या काळात सलग क्लोरीन दिला. १९०८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात डॉ. जॉन लील यांनी रोजचं क्लोरिनेशन सुरू केलं.

लील हे आपल्यासारखेच वैद्यकीचे माणूस. अख्ख्या शहराच्या पाण्यात त्यांनी कुणाची परवानगी न घेता रसायन टाकलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. तिथे त्यांच्या बाजूचा खरा आधार होता तो मोजमापाचा. किती भुकटी, किती पाण्यात, जंतू किती उरले, याच्या नोंदी होत्या. निकाल त्यांच्या बाजूने लागला. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या शहरामागून शहराने ही पद्धत उचलली आणि विषमज्वर ओसरत गेला.

हॉरॉक्सच्या सहा वाट्या

याच काळातलं एक नाव भारताशी जोडलेलं आहे. इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले व्हिन्सेंट नेसफील्ड यांनी १९०३ मध्ये, दाबाने द्रवरूप केलेला क्लोरीन वापरून पिण्याचं पाणी शुद्ध करण्याची पद्धत मांडली. सैन्याला पाणी कुठेही प्यावं लागतं, आणि गोळीपेक्षा हगवणीने जास्त शिपाई मरत, हे त्यामागचं कारण.

पहिल्या महायुद्धात विल्यम हॉरॉक्स या लष्करी डॉक्टरने एक पेटी बनवली. एमबीबीएसचा प्रत्येक विद्यार्थी ती आजही शिकतो. तिच्यात एक काळी आणि सहा पांढऱ्या वाट्या असतात. काळ्या वाटीत २ ग्रॅम ब्लीचिंग पावडरचं द्रावण करायचं. पांढऱ्या वाट्यांत तपासायचं पाणी भरून पहिलीत एक थेंब, दुसरीत दोन, असं सहापर्यंत टाकायचं. अर्धा तास थांबून प्रत्येकीत स्टार्च-आयोडाइड टाकायचं. ज्या वाटीत पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येतो, तिचा नंबर गुणिले २ ग्रॅम, एवढी पावडर ४५५ लिटर पाण्याला लागते. तिसऱ्या वाटीत निळा रंग आला, तर ६ ग्रॅम.

यातलं शहाणपण लक्षात घ्या. पाणी सगळीकडे सारखं नसतं. गढूळ पाणी क्लोरीन "खातं". पावडरही सारखी नसते. ताज्या पावडरीत ३३ टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो, पण पोतं उघडं राहिलं, ओल लागली की तो उडून जातो. म्हणून "दर हजार लिटरला एवढी" असा ठोक हिशेब पुरत नाही. भूक भागून उरलेला क्लोरीन मोजावा लागतो. पिण्याच्या पाण्यात तासाभराने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे, हा आमच्या पुस्तकातला नियम इथूनच येतो. गावातला जलसुरक्षक ओटी टेस्ट करून पिवळा रंग पाहतो, तीही हॉरॉक्सच्या वाट्यांचीच नात म्हणा. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? टाकीत क्लोरीन उरलाच नसेल, तर शेवटच्या नळाला तो कुठून पोचणार?

जालना पंपाचा धडा

आता जालन्याकडे येऊ. १९६० च्या दशकात दुष्काळी भागात बोअरवेल खोदून हातपंप बसवायला सुरुवात झाली. हे ओतीव लोखंडाचे पंप परदेशी शेतावरच्या एका कुटुंबासाठी आखलेल्या पंपांच्या धर्तीचे होते. आपल्याकडे त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खं गाव तुटून पडायचं. पंप भराभर बंद पडले. मग बायका पुन्हा उघड्या विहिरीवर, आणि रोग पुन्हा घरात.

जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी या पंपाची रचनाच बदलली. पोलादी, एकाच खुंटीवर फिरणारा दांडा असलेला मजबूत पंप तयार झाला. त्याला "जालना पंप" असंच नाव पडलं. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा होऊन "सोलापूर पंप" आला, आणि त्यावरून युनिसेफच्या मदतीने १९७० च्या दशकात "इंडिया मार्क टू" घडला. तो पुढे आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत पोचला.

धडा साधा आहे. यंत्र चांगलं की वाईट हे त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरतं. एका कुटुंबाचं यंत्र गावाला लावलं तर ते मोडतं. हाच प्रश्न आज तलावावर आहे.

मीठ, वीज आणि तलाव

मिठाच्या पाण्यातून वीज सोडण्याचा प्रयोग १८०० सालीच विल्यम क्रुकशँक यांनी केला होता. १८९३ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या ब्रूस्टर गावात अल्बर्ट वूल्फ यांनी अशाच विजेने तयार केलेल्या द्रावणाने सांडपाणी निर्जंतुक केलं. महायुद्धात जखमा धुण्यासाठी हायपोक्लोराइटचं द्रावण देणाऱ्या हेन्री डेकिन यांनी 'अ‍ॅक्विटानिया' या रुग्णालय-जहाजावर समुद्राच्या पाण्यातूनच ते बनवलं. अडचण पट्ट्यांची होती. क्लोरीन स्वतःची पट्टीच खाऊन टाकतो. १९६० च्या दशकात हेन्री बीअर यांनी टायटॅनियमच्या पट्टीवर रुथेनियम ऑक्साइडचा थर देण्याची युक्ती काढली, आणि लहान, टिकाऊ सेल शक्य झाला. त्यानंतर ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधून मिठाचे तलाव जगभर पसरले.

मग दुसरं यंत्र जोडायचं कसं?

आधी हिशेब करा. समजा तलाव १ लाख लिटरचा आहे आणि सेल तासाला २० ग्रॅम क्लोरीन देतो. पंप ८ तास चालला तर १६० ग्रॅम, म्हणजे लिटरमागे १.६ मिलिग्रॅम. तलावात सतत किमान १ मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन हवा. मे महिन्यातलं ऊन आणि रविवारची गर्दी यात १.६ ची भर पुरणार नाही. दुसरा सेल लावला की ती ३.२ होईल. हे झालं जालना पंपाचं गणित, आणि ते बरोबरच आहे.

पण सोमवारी तलावात कुणी नसतं. दुसरा सेल आपल्या स्वतंत्र डब्यावर, ठरावीक टक्क्यावर चालूच राहिला, तर पहिला कितीही शहाणा असला तरी क्लोरीन चढत जाणार. पॅनलला दुसऱ्याचा पत्ताच नसतो. उलटही होतं. दुसरा बंद पडला आणि कुणाला कळलंच नाही, तर रविवारी पाणी निळंशार दिसतं आणि आठवड्याभराने पोरं जुलाब घेऊन दवाखान्यात येतात. काविळीला तर महिनाही लागतो, तोवर तलावाची आठवणही कुणाला राहत नाही.

म्हणून उत्तर असं: यंत्रं दोन असली तरी मोजणारा एक हवा आणि हुकूम एकाचाच चालायला हवा. तंत्रज्ञाशी बोलताना हे मुद्दे धरा.

१. तुमचं पॅनल दोन सेल ओळखतं का, हे पुस्तिकेतून आणि उत्पादकाकडून विचारून घ्या. बरीच पॅनल एकच सेल चालवतात. अशा वेळी दुसरं यंत्र स्वतःच्या पॉवर सप्लायवरच राहू द्या, मात्र त्याचा वीजपुरवठा पॅनलच्या रिलेमधून घ्या. दुसऱ्या सेलची वायर पहिल्याच्या सप्लायला जोडण्याचा जुगाड करू नका.

२. पंप बंद तर दोन्ही सेल बंद, यात तडजोड नको. साचलेल्या पाण्यात सेल चालला तर हायड्रोजन जमतो, आणि तो पेट घेणारा वायू आहे. प्रत्येक सेलला स्वतःचा फ्लो स्विच हवा. सेल समांतर लावले असतील तर हे आणखी महत्त्वाचं, कारण एका फाट्यात पाणी अडलं तरी दुसऱ्यात वाहत असतं.

३. आम्लाचा डोसिंग पंपही त्याच साखळीत घ्या. पाणी वाहत नसताना आम्ल आणि क्लोरीन पाइपात एकत्र आले तर विषारी वायू तयार होतो आणि पंप सुरू होताच तो पोहणाऱ्यांच्या तोंडासमोर बाहेर पडतो. धाप लागलेल्या मुलाला घेऊन पळायची वेळ येते ती अशीच.

४. सेल चालला की पाण्याचा पीएच चढतो. दोन सेल, दुप्पट चढ. ७.५ पीएचला साधारण निम्मा क्लोरीन कामाच्या रूपात असतो, ८ ला पाव हिस्साही राहत नाही. मीटर क्लोरीन दाखवतं, पण जंतू मरत नाहीत. पीएच ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा.

५. आपल्या काळ्या पाषाणातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. सेलच्या पट्ट्यांवर चुन्याचा पांढरा थर बसतो आणि उत्पादन घटतं. नवा सेल घेण्याआधी जुना उघडून पाहा. कदाचित दुसऱ्या यंत्राची गरजच नसेल.

६. पॅनलच्या सेन्सरवर सगळा भार टाकू नका. दिवसातून निदान दोनदा हाताने, डीपीडी किटने मोकळा क्लोरीन आणि पीएच मोजा आणि वहीत लिहा. लील यांना न्यायालयात तारलं ते अशा वहीनेच.

दोन सेल असले तरी जे होत नाही

१ मिलिग्रॅम क्लोरीनमध्ये ई. कोलाय जंतू मिनिटाच्या आत मरतो. काविळीच्या 'ए' विषाणूला सुमारे १६ मिनिटं लागतात, जिआर्डियाला पाऊण तास. क्रिप्टोस्पोरिडियम हा जुलाबाचा परजीवी मात्र दहा दिवसांहून जास्त तग धरतो. त्याच्यापुढे दोन काय, चार सेलही हतबल. तिथे उपाय एकच: जुलाब झालेल्याने पाण्यात उतरायचं नाही, आणि थांबल्यानंतरही दोन आठवडे तलाव टाळायचा. तलावात उतरण्याआधी साबणाने अंघोळ सगळ्यांनीच करावी. डोळे चुरचुरतात आणि उग्र वास येतो तो बहुतेक वेळा जास्त क्लोरीनमुळे येत नाही. घाम आणि लघवीशी संयोग होऊन क्लोरीनचे क्लोरामाइन बनतात, वास त्यांचा असतो.

बारवेच्या पायरीवर पाय पाण्याला लागत होते, म्हणून नारू होता. तलावात तर अख्खं शरीर लागतं. त्या शरीरामागे किती क्लोरीन उरला, हे कुणीतरी रोज मोजलं पाहिजे. यंत्र एक ठेवा किंवा दोन, पण ते काम नेमक्या कोणाचं, त्या माणसाचं नाव तलावाच्या भिंतीवर लिहून ठेवा. आणि तुम्ही पालक असाल तर तिकीट काढण्याआधी आजची नोंदवही मागून पाहा. ती दाखवायला जे कचरतात, त्यांच्या पाण्यात मुलांना सोडू नका.